व्यायामाचे भय : कारणे व निवारण

व्यायाम शरीरास हितकारक आहे, हे वाक्य शाळेतील मुलासही पाठ असते. ते खोटे आहे असे म्हणणारा मनुष्य शोधूनही सापडणे कठीण. असे असूनही प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी कितीतरी जण व्यायामापासून दूर राहतात आणि त्यांच्या या दूर राहण्यास सामान्यतः आळस हे एकच नाव दिले जाते. हे नाव पुष्कळदा अन्यायाचे असते. ज्यास हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, तो मनुष्य जिन्याच्या पाचव्या पायरीवर थांबतो तो आळसामुळे नव्हे. गुडघे दुखणारी गृहिणी चालावयाचे टाळते ती झीज आणखी वाढेल या धास्तीने. न्हाणीघरात एकदा पाय घसरून पडलेले आजोबा पुढे अंगणात उतरण्यासही धजत नाहीत. अंगाने स्थूल असलेल्या तरुणास मैदानावर गेल्यास लोक आपणास हसतील असे वाटत असते. या सर्वांच्या मनात भीती आहे; आणि भीतीचा विशेष असा की, ती उपदेशाने जात नाही. व्यायाम न केल्यास कोणकोणते रोग होतात याची यादी अशा मनुष्यास ऐकविली, तर त्याच्या मूळच्या भीतीत आणखी एका भीतीची भर पडते, इतकेच.

वेदनेच्या किंवा इजेच्या धास्तीने हालचालच टाळण्याच्या या प्रवृत्तीस वैद्यकशास्त्रात १९९० साली स्वतंत्र नाव मिळाले. दीर्घकाळच्या दुखण्याने पीडित अशा रुग्णांच्या संदर्भात ते प्रथम योजण्यात आले. मराठीत त्यास ‘हालचालभय’ म्हणावयास हरकत नाही. तत्पूर्वी ही भीती नव्हती असे अर्थातच नाही. परंतु ती रुग्णाच्या दुखण्याचा स्वतंत्र भाग आहे, तिचे मापन करता येते आणि तिच्यावर उपायही करता येतो, हा विचार तेव्हापासून रूढ होऊ लागला.

चंदीगडचे रस्ते आणि एक वृद्ध स्त्री

चालावयास जागाच नसेल तर मनुष्य चालणार कसा, हा प्रश्न नगररचनेचा आहे. जागा असूनही पाऊल का उचलत नाही, हा प्रश्न मनाचा आहे. हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे कसे आहेत ते पाहण्यास चंदीगड हे शहर फार सोयीचे आहे. १९५१ सालापासून फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञ ल कॉर्बूझिए व त्यांचे सहकारी यांनी या शहराचा जो आराखडा सिद्ध केला, त्यात सुमारे १,२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद असे आयताकृती विभाग पाडलेले आहेत. त्यांस तेथे सेक्टर म्हणतात. वेगाची वाहतूक या विभागांच्या बाहेरून जाते आणि आतून उत्तर-दक्षिण असा हिरवळीचा पट्टा जातो. शाळा आणि खेळाची मैदाने पुष्कळशी या पट्ट्याच्या आश्रयाने वसविलेली आहेत. पावसाळी ओढ्याच्या जुन्या पात्राचा उपयोग करून शहराच्या मध्यातून उद्यानांची एक रांगच काढलेली आहे. १९५८ साली सुखना नावाच्या ओढ्यास बांध घालून सरोवर निर्माण करण्यात आले आणि त्याच्या काठचा फिरण्याचा मार्ग वाहनांपासून मुक्त ठेवण्यात आला. पायी चालणाऱ्याचा इतका विचार करून बांधलेले दुसरे शहर भारतात क्वचितच आढळेल. तरीपण रस्ता बांधणारा फार तर दारापर्यंत येऊन पोहोचतो. उंबरठा ज्याचा त्यानेच ओलांडावयाचा असतो.

हा उंबरठा याच शहरातील एका स्त्रीने वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ओलांडला. तिचे नाव मान कौर. नोंदीप्रमाणे तिचा जन्म १९१६ सालचा. आयुष्याची नव्वदाहून अधिक वर्षे तिने मैदानी खेळात कधी भाग घेतला नव्हता. तिचे चिरंजीव गुरदेव सिंग हे स्वतः सत्तरीच्या घरातील, आणि प्रौढांच्या धावण्याच्या स्पर्धांत भाग घेणारे. त्यांनी आईस सुचविले की, तिचे हृदय ठीक आहे, गुडघ्यांची तक्रार नाही, तेव्हा तिने धावून पाहावयास काय हरकत आहे? या सूचनेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुलाने आईस ‘भिऊ नकोस’ असे सांगितले नाही. ज्या दोन ठिकाणी इजा होण्याचा संभव, त्या दोन्ही ठिकाणांचा त्याने आधी विचार केला आणि नंतरच तिला मैदानावर नेले. पुढे पतियाळा येथील पंजाबी विद्यापीठाच्या मैदानावर त्याच्याच देखरेखीखाली तिचा सराव चालत असे.

यानंतरची हकीकत वृत्तपत्रांतून सर्वांस ठाऊक झाली. एप्रिल २०१७ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे भरलेल्या जागतिक प्रौढ क्रीडास्पर्धेत मान कौर यांनी १०० मीटरची धाव १ मिनिट १४ सेकंदांत पुरी केली. तेव्हा त्यांचे वय १०१ होते. मार्च २०१९ मध्ये पोलंडमधील तोरुन्य येथे धावणे, गोळाफेक व भालाफेक मिळून त्यांनी चार सुवर्णपदके मिळविली. ३१ जुलै २०२१ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ऑकलंडच्या त्या धावेत त्यांच्या वयोगटात त्या एकट्याच होत्या, हे सांगितले पाहिजे. पदकाच्या दृष्टीने म्हणून त्या विजयास फारसा अर्थ नाही. १०० मीटर अंतर १ मिनिट १४ सेकंदांत म्हणजे तरुण मनुष्याच्या साध्या चालण्याचाच वेग. महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ज्या वयात घरातील माणसे वृद्धास खुर्चीवरून उठू देत नाहीत, त्या वयात एका शरीरास पायरीपायरीने श्रमाची सवय लावता आली आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ टिकली. अर्थात एका व्यक्तीच्या उदाहरणाने शास्त्रीय सिद्धान्त ठरत नाही. त्यासाठी भय आणि श्रम यांचे शरीरातील नाते समजून घ्यावे लागते.

दोन अवस्था, एकच लक्षण

मनुष्य स्वस्थ बसलेला असता त्याचे हृदय मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. यापैकी हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या वाट्यास साधारण पाचवा हिस्सा येतो. तोच मनुष्य जोराने धावू लागला की हे प्रमाण निरोगी तरुणात २० लिटरच्या आसपास जाते, आणि त्यातील पाचापैकी चार भाग स्नायूंकडे वळविले जातात. त्यासाठी नाडी जलद होते, श्वास वाढतो, घाम सुटतो, तोंडास कोरड पडते, पायांत किंचित कंप येतो. हे सर्व घडवून आणणारी यंत्रणा म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचा अनुकंपी विभाग आणि अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात मिसळणारे ॲड्रेनलिन.

आता रात्री निर्जन वाटेने जाताना मागून अकस्मात कोणी धावत येत आहे अशी कल्पना करावी. नाडी जलद होते, श्वास वाढतो, घाम सुटतो, तोंडास कोरड पडते, पाय कापतात. यंत्रणा तीच, द्रव्य तेच आणि लक्षणेही तीच. शरीराच्या दृष्टीने पळून जाण्याची सिद्धता आणि व्यायामाची सिद्धता या दोन भिन्न गोष्टी नाहीत. भेद करावयाचा तो मेंदूने; आणि तो मेंदू पूर्वानुभवावरून करतो. ज्या मनुष्याने लहानपणापासून धावण्याची धाप अनुभवलेली आहे, त्याची छाती धडधडू लागली तर त्यास ‘आपण धावत आहोत’ एवढाच बोध होतो. ज्यास छातीत धडधडण्याचा अनुभव केवळ आजारपणात किंवा भयाच्या प्रसंगी आलेला आहे, त्याचा मेंदू त्याच धडधडीचा अर्थ ‘काहीतरी अनर्थ ओढवत आहे’ असा लावतो. त्या अर्थाने ॲड्रेनलिन आणखी स्रवते, धडधड आणखी वाढते आणि मूळ समजुतीस जणू पुरावाच मिळतो. मनुष्य थांबतो, बसतो, लक्षणे ओसरतात. आणि थांबलो म्हणून वाचलो, अशी त्याची खात्री होते. पुढच्या वेळी तो एक पायरी अगोदर थांबतो. दरम्यान न वापरलेले स्नायू क्षीण होत जातात, त्यामुळे तेवढ्याच श्रमास पूर्वीपेक्षा अधिक धाप लागते. भीती आणि अशक्तता एकमेकींस अशा रीतीने पोशीत राहतात.

काही काळ शास्त्रज्ञांनाही या बाबतीत शंका होती. १९६७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. चिंताविकाराच्या रुग्णांच्या शिरेतून दुग्धाम्लाच्या क्षाराचे द्रावण दिले असता त्यांपैकी बहुतेकांस भीतीचा तीव्र झटका आला. व्यायामातही स्नायूंत दुग्धाम्ल तयार होते. तेव्हा अशा रुग्णांनी व्यायाम करणे धोक्याचे, असा निष्कर्ष कोणी काढल्यास नवल नव्हते. परंतु तो टिकला नाही. १९९८ साली जर्मनीत अशाच ४६ रुग्णांचे तीन गट करून दहा आठवडे पाहणी करण्यात आली. एका गटास नियमित धावावयास लावले, दुसऱ्यास औषध दिले, तिसऱ्यास औषधासारखी दिसणारी निर्गुण गोळी दिली. धावणाऱ्यांचे झटके निर्गुण गोळी घेणाऱ्यांच्या मानाने स्पष्टपणे कमी झाले. औषधाचा गुण अधिक लवकर आणि अधिक प्रमाणात आला, हेही खरे. शिवाय धावणाऱ्या गटातील जवळजवळ एकतृतीयांश रुग्ण मध्येच गळाले. व्यायाम हा या विकारावर रामबाण उपाय आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. मात्र ज्या धडधडीस रुग्ण भीत होते, तिची वारंवार आणि निर्धोकपणे ओळख झाल्याने भीती ओसरते, एवढे त्यावरून दिसून आले. आजही अशा रुग्णांच्या उपचारात चिकित्सक त्यांस जागच्या जागी धावावयास किंवा पायरी चढउतार करावयास लावतात. त्यात हेतू हाच असतो.

वैद्यांचे भय

रुग्णास भित्रा म्हणण्यापूर्वी वैद्यकाचा स्वतःचा इतिहास पाहावा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास चार ते सहा आठवडे बिछान्यावर निश्चल पडून राहावयास सांगत. हृदयस्नायूची जखम भरून तेथे घट्ट वण तयार होण्यास तेवढा अवधी लागतो, तत्पूर्वी ताण पडल्यास हृदय फाटेल, असा त्यामागील तर्क होता. तर्क दिसावयास निर्दोष होता. परंतु पडून राहिलेल्या रुग्णांच्या पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जाऊन अडकत आणि हृदयाने वाचलेला रुग्ण त्यायोगे दगावे. १९५२ साली बोस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हाइन व डॉ. बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. या रुग्णांस त्यांनी लवकरात लवकर बिछान्यातून उचलून आरामखुर्चीत बसविले होते. हृदय फाटल्याची जी भीती होती ती खरी ठरली नाही, रुग्ण सुधारले. आज वाचकास खुर्चीत बसणे म्हणजे काही व्यायाम वाटणार नाही. परंतु त्या काळी वैद्यांच्या मनातील भय मोडण्यास ती पहिली पायरीच पुरेशी उंच होती.

तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५५ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांस असाच झटका आला. त्यांच्या उपचारासाठी बोलावलेले डॉ. पॉल डडले व्हाइट हे स्वतः चालण्याचे व सायकलीचे भोक्ते होते. त्यांनी अध्यक्षांस क्रमाक्रमाने चालावयास व कामास लागावयास उत्तेजन दिले. आयझेनहॉवर १९५६ साली पुन्हा निवडणुकीस उभे राहिले आणि विजयी झाले. त्यांच्या उदाहरणाने जेवढ्या लोकांचा धीर वाढला असेल तेवढा शंभर प्रबंधांनी वाढला नसता.

सक्तीची विश्रांती किती महाग पडते हे १९६६ साली डॅलस येथे झालेल्या प्रयोगात आकड्यांनी दिसले. विशीतील पाच निरोगी तरुणांस तीन आठवडे बिछान्यावर पडून राहावयास लावले, तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. पुढील आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती भरून आली. तीस वर्षांनंतर तेच पाच जण पन्नाशीत आले असता त्यांची पुन्हा परीक्षा झाली. तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांची जेवढी क्षमता हिरावून घेतली होती, त्याहून अधिक क्षमता त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने गेली होती! आणि सहा महिन्यांच्या बेताच्या व्यायामाने वार्धक्यातील तूटही भरून निघाली.

श्रमाने हृदय झिजते या समजुतीस धक्का देणारे आणखी एक संशोधन १९५३ सालचे. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहक यांची तुलना केली. मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाच्या अशाच त्या गाड्या. चालक दिवसभर बसलेला. वाहक तिकिटे देत दिवसातून पाचसहाशे पायऱ्या चढणारा. वाहकांत हृदयविकार कमी आढळला आणि जो आढळला तो सौम्य. मात्र मॉरिस यांनी पुढे गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालक नोकरीस लागतानाच कमरेने अधिक जाड असल्याचे दिसून आले! आपल्याच निष्कर्षाची अशी उलटतपासणी करणारा संशोधक विरळा. पोस्टमन व टपाल खात्यातील बैठे कर्मचारी यांच्या तुलनेतही त्यांस तोच कल दिसला, म्हणून मूळ अनुमान टिकून राहिले.

सकारण भय

एवढ्यावरून भय सर्वस्वी निराधार आहे असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. १९९३ साली अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या १,२०० हून अधिक रुग्णांस, झटक्यापूर्वीच्या तासात त्यांनी काय केले होते, हे विचारण्यात आले. जे लोक आठवड्यातून एकदाही जोराचा व्यायाम करीत नव्हते, त्यांनी एकाएकी भारी श्रम केल्यास पुढील तासाभरात झटका येण्याचा संभव नेहमीच्या १०७ पट झाला होता. जे आठवड्यातून पाच वा अधिक वेळा व्यायाम करीत, त्यांच्या बाबतीत ही वाढ केवळ २.४ पट होती. १०७ पट हा आकडा भयंकर दिसतो. परंतु कोणत्याही एका तासात झटका येण्याचा संभव मुळातच अत्यल्प असतो, आणि अत्यल्पाची शंभर पट म्हणजेही पुष्कळदा अल्पच. तथापि या दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. धोका आहे तो सवय नसलेल्या शरीराने अकस्मात केलेल्या जोराच्या श्रमात. वर्षभर गादीवर बसून काढलेल्या गृहस्थाने घर बदलताना लोखंडी कपाट एकट्याने उचलावयास जावे, यात तो आहे. सवयीने तोच धोका उतरतो. म्हणून भित्र्या मनुष्याची सावधगिरी मुळात बरोबर असते. तिचा निष्कर्ष तेवढा चुकतो. धोका टाळण्यासाठी तो श्रमच टाळतो, आणि त्यामुळे पुढे कधीतरी अपरिहार्यपणे कराव्या लागणाऱ्या श्रमाच्या वेळी तो अधिक धोक्यात सापडतो.

मात्रा

औषधाप्रमाणे व्यायामासही मात्रा असते, हा विचार आपल्याकडे जुना आहे. वाग्भट व सुश्रुत या दोघांनीही आपल्या शक्तीच्या निम्म्याने व्यायाम करावा असे सांगितले आहे. निम्मी शक्ती ओळखावयाची कशी, तर कपाळावर घाम येऊ लागणे, तोंडाने श्वास घ्यावा लागणे अशा खुणांवरून. आजचा वैद्य सामान्य माणसास याहून फारसे निराळे सांगत नाही. चालताना सोबत्याशी पुरे वाक्य बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम श्रमाची खूण होय. वाक्य अर्ध्यावर तुटू लागले तर वेग कमी करावा.

चंदीगडच्या सेक्टरांची मापे या कामी उपयोगी पडण्यासारखी आहेत. ताशी ५ किलोमीटर ही मध्यम चाल धरली तर सेक्टरची ८०० मीटरची आखूड बाजू चालून जाण्यास दहा मिनिटांहून थोडा कमी अवधी लागतो आणि चारी बाजूंची ४ किलोमीटरची फेरी पाऊण तासाहून किंचित अधिक वेळात पुरी होते. ज्याच्या मनात भीती आहे त्याने प्रथम फेरीच्या वाटेस जाऊ नये. फेरीत मध्यावर आले असता घर सर्वांत दूर असते आणि परतण्यास जवळची वाट नसते. नेमके तेथेच छाती धडधडू लागली की मनुष्य घाबरा होतो. त्यापेक्षा एकाच सरळ रस्त्याने ४०० मीटर जावे आणि त्याच वाटेने परत यावे. दहा मिनिटे होतात, आणि वाटेत कोठूनही मागे फिरण्याची मुभा राहते. पुढे आठवड्यास मिनिट-दोन मिनिटे या बेताने वाढवीत जावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली. तीतच, अजिबात न करण्यापेक्षा थोडेही केलेले बरे, असेही स्पष्ट म्हटले आहे. हे दुसरे वाक्य पुष्कळदा छापावयाचे राहून जाते.

नवख्यास दुसऱ्या दिवशी अंग दुखू लागले की आपणास काही इजा झाली असे वाटते. सिंहगड उतरून आलेल्या शहरी मंडळींस हा अनुभव चांगला परिचयाचा आहे: चढताना धाप लागते खरी, पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे आणि तेही एक-दोन दिवसांनी. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यामुळे त्याच्या तंतूंस अतिसूक्ष्म दुखापत होते. दुग्धाम्ल साठल्यामुळे हे दुखते ही समजूत चुकीची आहे. ते आम्ल तर तासाभरातच रक्तातून नाहीसे होते. हे दुखणे चोवीस ते बहात्तर तासांत शिगेस पोहोचून ओसरते आणि तोच श्रम पुन्हा केल्यास दुसऱ्या वेळी पुष्कळच कमी होते. गुडघ्यांच्या बाबतीत ‘झीज’ या शब्दाने फार घोटाळा केला आहे. सांधा म्हणजे काही यंत्राचा चकतीवजा भाग नव्हे. हाडांच्या टोकांवरील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते आणि हा द्रव आतबाहेर खेळता राहतो तो भार पडल्याने व सुटल्याने, म्हणजे चालण्यानेच. गुडघ्याच्या संधिवातावर मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हा आज मुख्य उपचारांपैकी एक मानला जातो.

पडण्याचे व पाहिले जाण्याचे भय

वृद्धांस सर्वांत मोठी धास्ती पडण्याची असते. ती योग्यच आहे, कारण म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड पुष्कळदा मनुष्यास कायमचे परावलंबी करते. परंतु पडण्याच्या भीतीने जे चालणे सोडतात, त्यांचे पाय दुर्बळ होऊन तोल अधिकच बिघडतो आणि ते अधिक पडतात. १९९० साली अमेरिकेत या भीतीच्या मापनाची एक पद्धत तयार झाली. स्नान करणे, फडताळातील वस्तू काढणे अशी दहा नित्याची कामे न पडता करता येतील असा विश्वास कितपत वाटतो, हे वृद्धास विचारावयाचे आणि त्यास गुण द्यावयाचे. त्याच वर्षी बोस्टन येथील वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा अशक्त वृद्धांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांस आठ आठवडे पायांच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला होता, आणि तोही लटका नव्हे, तर जोराचा. एकाने मध्येच सोडले. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची शक्ती सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. मान कौर यांची हकीकत अपवादात्मक असली तरी अशक्य कोटीतील नव्हती, हे या प्रयोगावरून समजते. घरी आरंभ करणाऱ्या वृद्धाने भिंतीस टेकविलेल्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे व बसावे. जवळ कोणीतरी उभे असावे. धरून ठेवण्यासाठी मात्र नव्हे.

लोकांच्या नजरेचे भय हे शरीराचे नसले तरी कमी खरे नाही, आणि स्त्रियांच्या वाट्यास ते अधिक येते. यास पहिला उपाय घरात करावयाच्या व्यायामाचा. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो मुलांपुरता न ठेवता मुलींपर्यंत नेला. त्या व्यायामास मैदान लागत नाही, साधन लागत नाही, कोणी पाहत नाही. आणि संख्या मोजली जात असल्याने मात्रा आपोआप ठरते. दुसरा उपाय सोबतीचा. एकट्या फिरणाऱ्या स्त्रीस जी नजर बोचते, ती चौघींच्या मेळ्यास लागत नाही. उपदेशकांनी या भीतीस क्षुल्लक म्हणणे सोडून दिले तर बरे. तिने मोडलेले संकल्प गुडघ्यांनी मोडलेल्या संकल्पांहून संख्येने कमी नसावेत.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसताच थांबावे आणि वैद्याकडे जावे: छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात वा जबड्यात उतरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, विश्रांती घेऊनही धाप न ओसरणे, नाडी अनियमित चालणे. श्रमाची साधी धडधड काही मिनिटांत खाली येते. ही लक्षणे तशी वागत नाहीत. ज्यास पूर्वी हृदयविकार झाला आहे त्याने आरंभच वैद्याच्या सल्ल्याने करावा. रुग्णालयांत अशा रुग्णास ३० मीटर लांबीच्या सपाट मार्गावर सहा मिनिटे आपल्या चालीने येरझारा घालावयास सांगतात. थांबावेसे वाटले तर थांबण्याची मोकळीक असते. घड्याळ मात्र चालू राहते. सहा मिनिटांत किती मीटर अंतर झाले ते रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवतात, आणि काही आठवड्यांनी त्याच मार्गावर त्यास पुन्हा चालवून नवा आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहितात.